कुणी बोलत नाही असा भूतकाळ : फ्रेंचमधला 'पासे सँप्ल' कसा आणि किती शिकावा?

पाणकळा

नमस्कार मंडळी,

पंचेचाळिशीत फ्रेंच शिकायला घेतले, त्याला आता चौथे वर्ष लागले आहे. आतापर्यंत वर्गात भूतकाळ म्हणून दोनच गोष्टी पक्क्या करून घेतल्या होत्या : एकदा घडून गेलेल्या घटनेसाठी 'पासे काँपोझे' आणि चालू असलेल्या किंवा नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी 'अँपार्फे'. गेल्या आठवड्यात बाईंनी एक परीकथा वाचायला दिली आणि पहिल्याच परिच्छेदात जी क्रियापदे भेटली, त्यांतली निम्मी मी जन्मात ऐकली नव्हती. विचारल्यावर बाई म्हणाल्या की हा पासे सँप्ल, म्हणजे 'साधा भूतकाळ', आणि तो फक्त लिहिला जातो, बोलला जात नाही. पाठोपाठ तीन पाने भरून तक्ते आले आणि पुढच्या परीक्षेला ते विचारणार असल्याचेही कळले.

माझे प्रश्न दोन आहेत. नियमित क्रियापदांची या काळातली रूपे डोक्यात ठेवण्याचा काही सरळ मार्ग आहे का? आणि मुळात ती लिहिता येणे आवश्यक आहे, की वाचताना ओळखू आली म्हणजे पुरे? माझे प्रामाणिक मत असे की जो काळ खुद्द फ्रेंच माणूस पाव आणायला गेल्यावर तोंडातून काढत नाही, त्याचे सहा पुरुषांचे तक्ते घोकणे हा वेळेचा अपव्यय आहे. पण हे मत बदलायची माझी तयारी आहे.

तक्तेवाली

पाणकळाताई, नियमित क्रियापदांपुरते बोलायचे तर हा अवघड काळच नाही. त्याची भीती बसते ती अनियमितांमुळे, आणि तक्त्यात दोन्ही एकत्र छापलेले असतात म्हणून.

मूळ क्रियापदाच्या शेवटी 'ई-आर' असेल तर ते काढून टाका. 'पार्ले', म्हणजे बोलणे, घेऊ. एकवचनी तीन प्रत्यय असे : मी साठी 'ए' आणि 'आय', तू साठी 'ए' आणि 'एस', तो किंवा ती साठी नुसता 'ए'. अनेकवचनात आम्ही साठी टोपीवाला (म्हणजे डोक्यावर ^ अशी खूण असलेला) 'ए' आणि पुढे 'एम-ई-एस', तुम्ही साठी टोपीवाला 'ए' आणि पुढे 'टी-ई-एस', ते साठी डावीकडून उजवीकडे उतरत्या रेघेचा 'ई' आणि पुढे 'आर-ई-एन-टी'. उच्चार अनुक्रमे पार्ले, पार्ला, पार्ला, पार्लाम, पार्लात, पार्लेर. लिहिताना सहा रूपे वेगळी असली तरी कानाला पाचच ऐकू येतात, कारण 'तू'चा 'एस' मुका आहे.

'आय-आर'वाल्या नियमित क्रियापदांना (फिनीर म्हणजे संपवणे, श्वाझीर म्हणजे निवडणे) आणि 'आर-ई'वाल्यांना (वाँद्र म्हणजे विकणे, आताँद्र म्हणजे वाट पाहणे) दोघांना मिळून प्रत्ययांचा एकच संच आहे : 'आय-एस', 'आय-एस', 'आय-टी', मग टोपीवाल्या 'आय'सह 'एम-ई-एस' आणि 'टी-ई-एस', आणि शेवटी बिनटोपीचे 'आय-आर-ई-एन-टी'. उच्चार : वाँदी, वाँदी, वाँदी, वाँदीम, वाँदीत, वाँदीर. म्हणजे तीन गणांसाठी दोनच संच. वर्तमानकाळात तीन लागतात, हे लक्षात घ्या.

आणखी एक सोय अशी की वर्तमानकाळात मुळातच जे फेरफार होतात ते इथे होत नाहीत. 'आश्ते' (विकत घेणे) या क्रियापदाचा वर्तमानकाळ 'आशेत' होतो आणि मधल्या 'ई'वर रेघ चढते. पासे सँप्लमध्ये सरळ 'आश्ता', रेघ नाही. हाक मारणे या अर्थाच्या 'आप्ले'चा वर्तमानकाळ 'आपेल' आणि त्यात 'एल' दोनदा. इथे 'आप्ला', 'एल' एकदाच. कारण उघड आहे, आघात सगळा प्रत्ययावर जातो, त्यामुळे मुळाला हलण्याचे काही कारण उरत नाही.

पार्लेकर

तक्तेवालीताईंनी उदाहरण म्हणून नेमके 'पार्ले' निवडले याबद्दल समस्त विलेपार्लेकरांच्या वतीने आभार मानतो. माझ्या आडनावातच फ्रेंच क्रियापद आहे हे मला बावन्नाव्या वर्षी कळले. आम्ही पार्लेकर बोलके का, याचाही उलगडा झाला.

शब्दवेल्हाळ

पार्लेकरांच्या विनोदात एक खरी अडचण लपलेली आहे. क्रियापदाचे मूळ रूप 'पार्ले', भूतकाळवाचक धातुसाधित 'पार्ले', 'तुम्ही बोलता' हेही 'पार्ले', आणि आता पासे सँप्लमधला 'मी बोललो' तोही 'पार्ले'. चारही वेगवेगळे लिहिले जातात आणि एकसारखे उच्चारले जातात. त्यात अँपार्फेतला 'मी बोलत होतो' हा केवळ एका 'एस'ने वेगळा. व्याकरणाप्रमाणे त्याचा शेवटचा स्वर जरा उघडा, मराठीतल्या 'पेन'मधल्या 'ए'कडे झुकणारा असायला हवा, पण अनेक फ्रेंच माणसे हा भेद पाळत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याही हातून तो 'एस' लागायचा तिथे गळतो आणि नको तिथे चिकटतो. तेव्हा 'मी'चे रूप लिहिताना चूक झाली तर फार मनाला लावून घेऊ नये.

मिठमिरची

मला लक्षात ठेवायला एक गंमत उपयोगी पडली ती सांगते. 'आले' म्हणजे जाणे. हे क्रियापद वर्तमानकाळात अत्यंत बेशिस्त आहे, भविष्यकाळात त्याहून बेशिस्त, परंतु पासे सँप्लमध्ये ते शहाण्या मुलासारखे 'ई-आर'च्या रांगेत उभे राहते. तृतीयपुरुषी एकवचन काय होते? 'इल आला'. अर्थ : तो गेला.

म्हणजे फ्रेंचमध्ये 'आला' म्हणजे गेला. हे एकदा कळल्यावर मी तो प्रत्यय कधीही विसरले नाही.

पार्लेकर

आणि 'इल आप्ला' म्हणजे त्याने हाक मारली. आपलाच माणूस, हाक मारणारच.

तक्तेवाली

गंमत मान्य आहे, पण एक सावधगिरीची सूचना. मराठी भूतकाळात 'ला' असतो आणि 'पार्ला', 'आला', 'आप्ला' यांतही तो ऐकू येतो, म्हणून 'ला' हा प्रत्यय आहे असा समज करून घेऊ नका. तो 'एल' त्या त्या धातूचा आहे. 'दोने' म्हणजे देणे याचे 'दोना' होते, 'मार्शे' म्हणजे चालणे याचे 'मार्शा'. माझ्या एका वर्गमित्राने परीक्षेत 'दोनला' लिहिले होते.

लियाँकाठ

मी गेली अकरा वर्षे लियाँमध्ये राहतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे लिहितो.

बोलण्यात हा काळ नाही हे खरे आहे, फक्त काही गोठलेले तुकडे राहिले आहेत. एखाद्या कार्यक्रमाचा निवेदक निरोप घेताना 'स फ्यू अँ प्लेझीर', म्हणजे 'आनंद झाला', असे म्हणतो, आणि ते ऐकणाऱ्याला खटकत नाही. पण 'बोलत नाहीत' आणि 'भेटत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून रोज रात्री हा काळ ऐकत आली, कारण लहान मुलांच्या गोष्टी त्यातच लिहिलेल्या असतात. आपल्याकडे 'आणि ते सुखाने नांदू लागले' म्हणतात तसे इथे गोष्टीच्या शेवटी 'इल वेक्यूर उरो ए यूर बोकू दाँफाँ' येते, म्हणजे ते सुखाने जगले आणि त्यांना पुष्कळ मुले झाली. त्यातली दोन्ही क्रियापदे पासे सँप्लची आहेत, तीही अनियमित. मुलगी चार वर्षांची असताना बाहुल्यांशी खेळताना स्वतःच गोष्ट रचायची आणि 'इल प्राँदा' असे काहीतरी म्हणायची. घेणे या क्रियापदाचे बरोबर रूप 'प्री' आहे, पण तिने 'ई-आर'चा प्रत्यय सगळ्यांना लावून टाकला होता. नियमित प्रत्यय किती आत मुरतो याचा याहून चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

शाळेचे म्हणाल तर २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिकच्या वरच्या वर्गांसाठी या काळातला तृतीय पुरुष, एकवचन आणि अनेकवचन, एवढ्यावरच भर दिला गेला आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला. 'आम्ही' आणि 'तुम्ही'ची टोपीवाली रूपे आजच्या लेखनातही क्वचितच दिसतात. तेव्हा तुम्ही जर वेळ वाचवू इच्छित असाल तर आधी फक्त 'तो' आणि 'ते' पक्के करा : 'आ' आणि 'एर', 'ई' आणि 'ईर'. कादंबरीतली बहुतेक पाने तेवढ्यावर निभावतात.

शब्दवेल्हाळ

याच वादाचा एक भाऊबंद : एनिड ब्लायटनच्या 'फेमस फाइव्ह'चे फ्रेंच अनुवाद पूर्वी पासे सँप्लमध्ये होते. नंतरच्या आवृत्तीत ते काढून सगळे कथन वर्तमानकाळात आणले गेले आणि 'आम्ही' या अर्थाच्या 'नू'च्या जागी बोलीतला 'आँ' आला. लहानपणी जुनी पुस्तके वाचलेल्या लोकांनी त्यावर बरीच नाराजी व्यक्त केली. माझी सहानुभूती त्या नाराज लोकांकडे आहे. मुलांना कठीण जाते म्हणून जो काळ मुलांच्या पुस्तकांतून काढला, तो मोठेपणी त्यांना सोपा कुठून जाणार?

अनद्यतन

चर्चा वाचून राहवले नाही. शाळेत ज्यांनी संस्कृत घेतले होते त्यांच्यासाठी हा काळ अनोळखी नसावा.

पाणिनीने भूतकाळासाठी तीन लकार सांगितले. 'लुङ्' सर्वसाधारण भूतकाळाचा. 'अनद्यतने लङ्', म्हणजे जे आज घडलेले नाही त्यासाठी लङ्. आणि 'परोक्षे लिट्', म्हणजे जे बोलणाऱ्याच्या डोळ्यांआड घडले त्यासाठी लिट्. आता फ्रान्सकडे या. पॅरिसजवळच्या पोर-रोयाल मठाशी जोडलेल्या विद्वानांनी १६६० साली जे व्याकरण प्रसिद्ध केले त्यात पासे सँप्लसाठी नियम असा दिला आहे की तो निदान एक दिवस मागे पडलेल्या घटनेसाठीच वापरावा. 'मी काल लिहिले' यात तो चालेल, 'मी आज सकाळी लिहिले' यात चालणार नाही, तिथे पासे काँपोझेच हवा. यालाच पुढे चोवीस तासांचा नियम म्हणू लागले. 'अनद्यतन' या शब्दाचा अर्थ याहून वेगळा काय आहे?

आणि हा नियम केवळ पुस्तकात नव्हता. कॉर्नेयचे 'ल सिद' हे नाटक १६३७ साली रंगभूमीवर आले तेव्हा फ्रेंच अकादमीने त्याची जी चिकित्सा केली, तिच्यात एका पात्राने नुकत्याच केलेल्या अपमानाबद्दल पासे सँप्ल वापरला म्हणून दोष काढला आहे. कारण काय दिले, तर दोन्हींच्या मध्ये रात्र गेलेली नव्हती. एखाद्या शास्त्रीबुवांनी काढावी तशी ही चूक आहे, आणि म्हणूनच मला ती फार आवडते.

मिठमिरची

म्हणजे रात्री पावणेबाराला घडलेली गोष्ट सव्वाबाराला सांगताना पासे सँप्ल चालला असता काय?

अनद्यतन

वैयाकरणांना असले प्रश्न विचारू नयेत. 'अनद्यतन'मधला 'अद्य' नेमका केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो यावर आपल्याकडेही पुष्कळ शाई खर्ची पडली आहे.

नदीपल्याड

अनद्यतन यांची तुलना सुरेख आहे, पण ती सतराव्या शतकापुरती खरी आहे असे मला वाटते. आज एखादी कादंबरी 'त्या सकाळी तो उठला, त्याने खिडकी उघडली' असे सांगते तेव्हा किती तास गेले हे कुणी मोजत नाही. आज फरक काळाचा नसून सांगणाऱ्याच्या जागेचा आहे. भाषाशास्त्रज्ञ एमील बाँव्हेनिस्त यांनी १९५९ साली मांडलेला भेद मला जास्त पटतो. त्यांच्या मते एक कथन 'इतिहासा'चे असते, ज्यात सांगणारा कुठेच दिसत नाही आणि घटना जणू स्वतःच स्वतःला सांगत जातात. तिथे पासे सँप्ल. दुसरे 'संभाषणा'चे, ज्यात 'मी' तुमच्यासमोर उभा राहून सांगत असतो. तिथे पासे काँपोझे. म्हणून एकाच कादंबरीत निवेदन पासे सँप्लमध्ये चालते आणि त्याच पानावर पात्रे तोंड उघडतात तेव्हा पासे काँपोझेत बोलतात.

अनद्यतन

मग तर तुम्ही मला लङ्कडून लिट्कडे नेऊन सोडलेत, आणि मी आनंदाने येतो. 'परोक्षे लिट्'मध्ये सांगणारा घटनेच्या जागी नसतो हीच अट आहे. म्हणून लिट्‌चा प्रथम पुरुष, म्हणजे 'मी'चे रूप, व्याकरणात एक कोडेच होऊन बसते, कारण स्वतः केलेली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांआड कशी असेल? त्यासाठी परंपरेने दिलेले उदाहरण मोठे मजेदार आहे : 'सुप्तोऽहं किल विललाप', म्हणजे 'झोपेत मी म्हणे विलाप केला'. लियाँकाठ म्हणतात तसे फ्रेंचमध्येही 'तो' आणि 'ते' टिकले आणि बाकीची रूपे विरळ झाली, ते याच कारणाने असेल का?

नदीपल्याड

पूर्णपणे नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या आत्मचरित्रांत आणि प्रथमपुरुषी कादंबऱ्यांत 'मी'ची रूपे मुबलक आहेत, त्यामुळे 'मी' या काळात बसतच नाही असे म्हणता येणार नाही. पण ज्याला 'मी' म्हणता येते त्याच्याजवळ आज दुसरा काळ तयार असतो, आणि 'तुम्ही' तर समोर माणूस असल्याशिवाय म्हणताच येत नाही, हे खरे आहे.

मडगांवकार्न

थोडे बाजूचे, पण विषयाला धरून आहे. माझी आजी मुक्तीपूर्वीच्या गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकली होती. पोर्तुगीजमध्ये हाच काळ आजही रोजच्या बोलण्यात आहे : 'फालेय' म्हणजे मी बोललो, 'फालो' म्हणजे तो बोलला, 'फालाराम' म्हणजे ते बोलले. आजी दुधवाल्याचा हिशेबसुद्धा या काळात करीत असे. कॉलेजात फ्रेंच घेतल्यावर मी पहिल्याच दिवशी मोठ्या आत्मविश्वासाने पासे सँप्लमध्ये उत्तर दिले, तेव्हा सर हसून म्हणाले की तुम्ही एखाद्या राजाच्या चरित्रातून चालत आल्यासारख्या बोलता.

मूळ एकच आहे, लॅटिनचा पूर्णभूतकाळ. लॅटिन 'कान्तावित'चे फ्रेंचमध्ये 'शाँता' झाले. 'तुम्ही'च्या रूपावरची टोपीही तिथूनच आली, कारण 'कान्तास्तिस'मधला 'एस' जुन्या फ्रेंचमध्ये होता, तो गळाला आणि त्याची खूण म्हणून टोपी राहिली. 'आम्ही'च्या रूपात असा 'एस' मुळात नव्हता. शेजाऱ्याचे पाहून त्यालाही टोपी मिळाली.

तक्तेवाली

हे मी विद्यार्थ्यांना नक्की सांगणार आहे. १९९० सालच्या शुद्धलेखन सुधारणांत 'आय' आणि 'यू'वरची टोपी अनेक शब्दांतून ऐच्छिक केली गेली, तरी या प्रत्ययांवरची मात्र कायम ठेवली आहे, हेही इथे नोंदवून ठेवते.

पाणकळा

इतके मनापासून लिहिल्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. धीर करून सहा वाक्यांची गोष्ट रचली. रोमन लिपीतले लेखन वहीत आहे, इथे उच्चार आणि शंकेच्या जागा देते.

म्हातारी बाजारात गेली : 'आला'. तिने कोंबडी विकली : 'वाँद्यू', शेवटी 'यू'. राजाची वाट पाहिली : 'आताँद्यू'. राजा आला : 'आरिवा', शेवटच्या 'ए'वर टोपी. म्हातारी लाजली : 'रूझी'. मुलांनी आंबे खाल्ले : 'माँझेर', 'जी'नंतर एक जास्तीचा 'ई'.

'यू' मी असा आणला की 'वाँद्र'चे धातुसाधित 'वाँद्यू' आहे, आणि धातुसाधितावरून पासे सँप्ल ओळखता येतो असे एका पुस्तकात वाचले होते.

तक्तेवाली

'आला' आणि 'रूझी' निर्दोष आहेत.

धातुसाधिताची युक्ती अनियमितांपैकी काहींना लागू पडते. इच्छिणे याचे धातुसाधित 'वूल्यू' आणि पासे सँप्लही 'वूल्यू', धावणे याचे 'कूर्यू' आणि 'कूर्यू'. पण नेमकी नियमित 'आर-ई' क्रियापदेच तिच्यातून निसटतात. त्यांचे धातुसाधित 'यू'चे असते आणि पासे सँप्ल 'आय'चा. म्हणून 'वाँदी' आणि 'आताँदी'. संवादांत शंभर वेळा भेटणारे 'रेपाँदी', म्हणजे 'उत्तर दिले', लक्षात ठेवा म्हणजे बाकीची त्याच्या मागोमाग येतील.

'माँझेर'मध्ये तो जास्तीचा 'ई' नको. 'जी'चा उच्चार 'झ' राहावा म्हणून तो फक्त 'ए'च्या आधी लागतो, जसे 'माँझा'मध्ये. 'एर'च्या प्रत्ययात 'ई' आयताच आहे. 'कॉमाँसे' म्हणजे सुरू करणे, याच्या 'सी'खालच्या शेपटीचेही तसेच : 'कॉमाँसा'मध्ये हवी, 'कॉमाँसेर'मध्ये नको.

शब्दवेल्हाळ

'रूझी'बद्दल एक भर. 'आय-आर'वाल्या नियमित क्रियापदांचा एकवचनी वर्तमानकाळ आणि एकवचनी पासे सँप्ल अक्षरशः एकच असतात. 'म्हातारी लाजते' आणि 'म्हातारी लाजली' यांत लेखनातही फरक नाही. मागेपुढे 'आला' आणि 'वाँदी' आहेत म्हणून तो भूतकाळ आहे हे कळते. परीक्षेत सुटे वाक्य आले तर दोन्ही अर्थ लिहावेत.

रोखठोक

सर्वांची विद्वत्ता मान्य करूनही मला पाणकळाताईंचे मूळ मत बरोबर वाटते. मी बारा वर्षे फ्रेंच कंपन्यांबरोबर काम केले, शेकडो पत्रे लिहिली, करार वाचले, आणि मला या काळाचे एकही रूप लिहावे लागलेले नाही. ओळखता येणे पुरे. जी गोष्ट आयुष्यात एकदाही करायची नाही तिचे प्रावीण्य परीक्षेत मागणे हा परीक्षेचा दोष आहे. आपण मराठी माणसे तरी असला मृत काळ कुठे सांभाळतो?

नदीपल्याड

सांभाळतो, रोखठोक. आपला रीतिभूतकाळ घ्या. 'तो रोज नदीवर जाई', 'ती पहाटे उठे', 'ते अंगणात बसत'. घरात कुणी असे बोलत नाही, 'जायचा', 'उठायची', 'बसायचे' म्हणतो. आणि तरीही आठवी-नववीच्या मुलाला धडा वाचताना तो अडत नाही.

रोखठोक

तुलना चुकते आहे. 'जाई' हे नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी आहे, म्हणजे अर्थाने ते अँपार्फेच्या जवळचे आहे. पासे सँप्ल एकदाच घडलेल्या गोष्टीसाठी.

नदीपल्याड

अर्थाने तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे आणि ते मी आधीच स्पष्ट करायला हवे होते. साम्य आहे ते केवळ भाषेतल्या स्थानाचे : दोन्ही लेखनात जिवंत आहेत आणि बोलण्यातून उठले आहेत. पण एक गंमत दाखवतो. मडगांवकार्न यांनी वर 'हिशेब करीत असे' लिहिले आहे. तोंडी सांगताना त्या 'करायची' म्हणाल्या असत्या याची मला खात्री आहे. त्यांना कुणी तक्ता दिला नव्हता, आणि लिहिताना हात आपोआप तिकडे वळला. उद्या मराठी शिकणाऱ्या एखाद्या फ्रेंच माणसाने हा धागा उघडला तर तो त्या 'असे'पाशी तसाच थबकेल जसा पाणकळाताई परीकथेपाशी थबकल्या.

मडगांवकार्न

पकडले गेले. होय, 'करायची'च म्हणाले असते.

अक्षरओझे

मी फ्रेंचमधून मराठीत अनुवाद करते, म्हणून रोखठोक यांच्या 'ओळखता येणे पुरे' याला थोडी मुरड घालते. ओळखता येणे म्हणजे काय, यावर ते अवलंबून आहे. 'इल आला' आणि पासे काँपोझेतला 'इल ए ताले', दोन्हींचे मराठी 'तो गेला'. आपल्याकडे फरक दाखवायला जागाच नाही. आल्बेर काम्यूने १९४२ सालच्या 'लेत्राँझे' ('परका') या कादंबरीत निवेदन प्रामुख्याने पासे काँपोझेत केले, आणि फ्रेंच वाचकाला ते पहिल्या पानापासून वेगळे वाटले, कारण कादंबरी म्हटली की कानात पासे सँप्ल वाजत असतो. सार्त्रने १९४३ साली त्यावर लिहिताना तिच्या वाक्याला बेटाची उपमा दिली. एक वाक्य संपते आणि दुसरे सुरू होते, मध्ये पूल नाही. हे मराठीत आणायचे तर क्रियापद मदतीला येत नाही, वाक्ये आखूड ठेवून, 'मग', 'तेव्हा', 'म्हणून' गाळून काम भागवावे लागते. पण लेखकाने काय नाकारले हे कळण्यासाठी नाकारलेली गोष्ट हातात घेऊन पाहिलेली असावी लागते. मी स्वतः एकदा त्या कादंबरीचा एक परिच्छेद गंमत म्हणून पासे सँप्लमध्ये उतरवून पाहिला. तो इतका सुरळीत आणि कादंबरीसारखा झाला की मूळ किती खडबडीत आहे हे मला तेव्हाच कळले. रूपे लिहिता येत नसती तर हे करता आले नसते.

रोखठोक

हे कारण मी मान्य करतो. करारांसाठी अजूनही करत नाही.

लियाँकाठ

व्यवहारी सल्ला : ओळखायला शिकताना संवादांच्या शेपट्या वाचत जा. 'दमाँदा-तेल' म्हणजे तिने विचारले, 'रेपाँदी-तील' म्हणजे तो उत्तरला. 'दमाँदा' स्वरान्त असल्यामुळे मध्ये एक 'टी' जोडावा लागतो. 'रेपाँदी'त तो 'टी' मुळातच आहे. एका कादंबरीत ही दोन्ही इतक्या वेळा येतात की तक्ता न घोकताच दोन्ही संच तोंडी बसतात.

पार्लेकर

मी या आठवड्यात एक नवे क्रियापद ऐकले, 'गूगले'. नवी क्रियापदे सगळी 'ई-आर'मध्येच येतात म्हणे. म्हणजे एखाद्या राजाच्या चरित्रात 'इल गूगला' लिहायला हरकत नाही.

तक्तेवाली

व्याकरणाची हरकत नाही. राजाची असू शकेल.

पाणकळा

गोष्ट सुधारून पुन्हा लिहिली आणि बाईंनाही दाखवणार आहे. आला, वाँदी, आताँदी, आरिवा, रूझी, माँझेर. 'ई' काढला, 'यू' काढले. 'तो' आणि 'ते' पाठ झाले, 'मी' चालू आहे, 'आम्ही' आणि 'तुम्ही' परीक्षेच्या आदल्या रात्री. मत पूर्ण बदलले असे म्हणणार नाही, पण परीकथा तिसऱ्यांदा वाचताना शब्दकोश उघडावा लागला नाही. वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे.

शब्दवेल्हाळ

फोटो पाहिला. ताई, 'आरिवा'वर टोपी अजून तशीच आहे, आणि तिच्यापुढे तुम्ही आता एक 'टी'ही लिहिला आहे. एकवचनात टोपी आणि 'टी' आले की तो पासे सँप्ल राहत नाही, सबजाँक्तीफ अँपार्फे, म्हणजे इच्छा-शंकेच्या वाक्यांतला भूतकाळ होतो. राजा खरोखर आला असेल तर दोन्ही काढा.